वहिनीची धाकटी खोली

पालमच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, दाखले, झेरॉक्स, लॅमिनेशन. शिवाय तालुक्यातले बंद पडलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात आणि बहुतेक चालू होऊन जातात. लोक मला 'कंप्युटरवाले' म्हणतात आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडतं. कुणी मशीन घेऊन आलं की मी आधी विचारतो, यात तुमचं काय काय आहे आणि ते कुठं ठेवलंय? गिऱ्हाईक म्हणतं, काही नाही हो, मारा फॉरमॅट. मी ऐकत नाही. मशीन उघडून प्रत्येक ड्राइव्ह त्याला दाखवतो, बंद असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत हात लावत नाही. माणसं वैतागतात. एक गुरुजी तर म्हणाले, "डॉक्टर इतकं इचारत न्हाई हो." मी हसून सोडून दिलं. मला जिला विचारायला पाहिजे होतं ती माझी वहिनी होती. तिला विचारलं नाही, आणि तिनं दोन पावसाळे बसून लिहिलेलं सगळं माझ्या हातानं गेलं.

आमचं घर मेंढरांचं. दादाच्या मागे वहिनी, वहिनीच्या मागे घोड्यावर बिऱ्हाड, आणि पुढे दीडएकशे मेंढरं. दिवाळी झाली की कळप निघायचा. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठाकाठानं पूर्णेकडे, मग चुडाव्याच्या टेसनामागची रानं, तिथून फिरत फिरत झरीच्या बाजूला, आणि मृगाच्या आसपास परत घरी. शेतकरी आपल्या मोकळ्या रानात कळप बसवून घेतात. मेंढरं रात्रभर बसली की रानाला खत मिळतं आणि त्या बदल्यात मेंढरवाल्याला ज्वारी मिळते. एका रानात चार दिवसांचा तळ, दुसऱ्यात सहा. आठ महिने असं चालायचं.

मी यात कुठंच नव्हतो. लहानपणी एकदा मला कळपामागे धाडलं होतं, तर मी सावलीला बसून पुस्तक वाचत राहिलो आणि अर्धी मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. दादा म्हणाला, "ह्याला शाळंतच ऱ्हाऊ द्या, न्हाईतर ह्यो कळप बुडवील." मग मी शाळेतच राहिलो, परभणीच्या कॉलेजात गेलो, हॉस्टेलला राहिलो. माझ्यासाठी ज्वारीचं पीठ यायचं, ते वहिनी तळावरून कुणाच्या तरी हाती पाठवायची. तिच्या सातवीच्या पुढची शाळा लग्नानं तोडली होती. माझ्या शिक्षणाबद्दल ती काही बोलायची नाही, पण माझी मार्कशीट हातात घेऊन बराच वेळ बघत बसायची.

दुकान लागल्यावर मी एक जुना लॅपटॉप घरी आणला. बॅटरी मेलेली, वायर निघाली की मशीन बंद. पावसाळ्याचे दिवस, दादा-वहिनी घरी होते. मी कुणाचा तरी अर्ज भरत होतो, नाव चुकलं, मी ते पुसून परत लिहिलं. वहिनी मागे उभी होती.

"पुसलं?"

"पुसलं."

"डाग न्हाई पडला?"

"स्क्रीनवर कसला डाग, वैनी?"

ती हसली, पण जागची हलली नाही. मग तिनं सांगितलं की शाळेत तिचं लिहिताना लय चुकायचं. खोडरबर नसायचं, मग थुंकी लावून बोटानं घासायची, कागदाला भोक पडायचं आणि गुरुजी ती वही सगळ्या वर्गाला दाखवायचे. त्या वहीची लाज तिला अजून होती. मी म्हटलं, बसा इथं. बसली. मी मराठी टाइप करायचं दाखवलं, आणि आठ दिवसांत बाई एका बोटानं टकटक करत लिहायला लागली. चुकलं की पुसायची, आणि पुसल्यावर त्या पांढऱ्या जागेकडे बघून स्वतःशीच मान हलवायची.

काय लिहायचं हे तिनं मला विचारलं नाही, ते तिचं ठरलेलंच होतं. तिची मुलगी परभणीला नर्सिंग शिकत होती. पोरगी हुशार, पण मेंढीचं शेपूट कुठलं नि शेळीचं कुठलं, तिला कळायचं नाही. दादाचे गुडघे गेले होते आणि दोन-तीन वर्षांत कळप विकायचा हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वहिनी म्हणाली, "कळप गेल्यावर ह्या वाटा कोन चालनार हाय? पोरीला कळाया पायजे, तिची माय कुठं कुठं ऱ्हायली ते." म्हणून ती एकेक तळ लिहीत होती. कुणाच्या रानात बसलो, पाणी कुठलं, कुणाचं कुत्रं चावरं, कुठल्या बाईनं भाकरी दिली आणि कुणी नुसती बोलणी दिली. एका तळाला एक फाइल. मी एकदा मागून वाचायला गेलो तर तिनं पदर धरून स्क्रीन झाकली. "झाल्यावर वाचा, भावजी. अर्ध्या सैपाकात तोंड घालू नका."

आता ड्राइव्हचं सांगतो, कारण सगळं तिथंच फिरलं. पहिल्याच दिवशी मी तिला मशीनच्या आतलं घर दाखवलं होतं. म्हटलं, वैनी, ह्या खोल्या समजा. सी म्हणजे मशीनची स्वतःची खोली, तिथं आपण काही ठेवायचं नाही, मशीन बिघडलं की ती आधी जाते. डी आपली, महत्त्वाचं सगळं डीमध्ये. आमच्याकडे हे सगळ्यांनाच पाठ असतं, ज्याला माउस नीट धरता येत नाही तोही सांगतो की डीमध्ये ठेवा, सेफ राहतं. मग तिच्यासाठी डीमध्ये एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'वहिनी', आणि त्यात तिची पहिली सरावाची फाइल ठेवली.

"आन ही धाकटी कोनाची?" तिनं शेवटच्या छोट्या ड्राइव्हवर बोट ठेवून विचारलं.

ती कंपनीची. मशीन फारच बिघडलं तर नव्यासारखं करायचं सामान कंपनी तिथं भरून देते. मी तिला सांगितलं, "ती कंपनीची हाय. तिथं कुनीच जात न्हाई. मी बी जात न्हाई."

ती "बरं" म्हणाली. मीही विसरून गेलो.

दुसरा पावसाळा झाला. दिवाळी झाली, कळप निघाला, लॅपटॉप माझ्याकडे राहिला. मशीन तोवर फार रडायला लागलं होतं. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह म्हणजे चावडीवरची चिलीम, सगळ्यांच्या तोंडची, आणि त्यातून आलेले सगळे व्हायरस माझ्या पदरात. चालू व्हायला इतका वेळ लागायचा की मी बटण दाबून चहा पिऊन यायचो. मी कुठं तरी वाचलं होतं की दुसरी एक सिस्टीम मिळते, फुकट, हलकी, व्हायरस लागत नाही. पण दुकानातलं गिऱ्हाइकांचा अंगठा घ्यायचं मशीन फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचं. म्हणून ठरवलं की दोन्ही ठेवू, चालू करताना हवी ती निवडू. खरं कारण एवढंच नव्हतं. तालुक्यात असं कुणी केलेलं नव्हतं, आणि ते पहिल्यांदा आपण करावं ही खाज मला होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा असं आमचे वडील मला उद्देशून नेहमी म्हणायचे.

तयारी मात्र मी नीट केली, निदान तेव्हा तसं वाटलं. अख्खी डी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. उतरवताना 'वहिनी' फोल्डर दिसला. फोल्डर आहे, गेला, झालं. तो उघडून आत किती फाइली आहेत हे बघायला दोन सेकंद लागले असते. मी बघितलं नाही.

सकाळी नऊला घरीच बसलो. लाइट दोनपर्यंत होती, मग संध्याकाळी. पहिला एरर तर एररसुद्धा नव्हता. मशीन माझ्या पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघेना, सरळ जुनी सिस्टीम सुरू करून मोकळं. चालू होताना एक बटण दाबत राहायचं असतं आणि प्रत्येक कंपनीचं ते बटण वेगळं. चार वेळा बंद-चालू केल्यावर सापडलं. मग काळ्या पडद्यावर आलं की चालू होण्याजोगं काहीच सापडलं नाही. म्हणजे मी पेनड्राइव्ह नव्या मशीनच्या पद्धतीनं बनवला होता आणि हे मशीन जुनं. परत बनवला, त्यात तास गेला. साडेबाराला कुठं तो इन्स्टॉलर उघडला आणि मी एकटाच हसलो.

नव्या सिस्टीमसाठी मी सी आधीच लहान करून जागा मोकळी करून ठेवली होती. इन्स्टॉलरला ती जागा दिसत होती, पण राखाडी रंगात, आणि त्यापुढे लिहिलेलं होतं की ही जागा वापरता येणार नाही. का येणार नाही ते लिहिलेलं नव्हतं. मी मागे गेलो, पुढे आलो, मशीन बंद करून परत चालू केलं. तीच जागा आणि तेच राखाडी उत्तर. सव्वा वाजला. रिकाम्या रानात बसू न देणाऱ्या मालकावर दादा जसा चिडतो तसा मी त्या मशीनवर चिडलो होतो.

परभणीला माझा एक कॉलेजचा मित्र अशाच कामात आहे, त्याला फोन लावला. त्यानं लगेच ओळखलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य भाग चारच करता येतात. माझ्या डिस्कवर चार आधीच होते, सुरुवातीचा एक लपलेला, सी, डी आणि कंपनीचा. पाचवी खोली ती डिस्क पाडू देत नाही, मग जागा कितीही रिकामी असो.

"चारातला एक काढावा लागंल," तो म्हणाला. "कंपनीचा काढतात बहुतेक लोक. पन आत काय हाय ते बघितलंस का?"

"बघितलं," मी म्हणालो.

बघितलं नव्हतं. बघायचं तर इन्स्टॉलर बंद करून परत जुनी सिस्टीम चालू करावी लागली असती, ती आरामात उठणार, मग परत ते बटण, परत सगळं. दोन वाजायला आले होते. आणि आत काय असणार, कंपनीचं सामान. तिथं कुणीच जात नाही हे मीच तर सांगत आलो होतो. मित्रानं परत विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर मी चिडून का होईना बघितलं असतं, असं मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलं, पण तो माझा खोटेपणा होता आणि तो त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

भाग काढायला उणे चिन्हाचं एक छोटं बटण असतं. मी ते दाबलं. सकाळपासून एवढ्या तेवढ्यावरून अडणाऱ्या त्या मशीननं इथं मात्र चकार शब्द काढला नाही. राखाडी जागा पांढरी झाली, वापरा म्हणाली. जिथं कंपनीचा भाग होता तिथं मी नव्या सिस्टीममधल्या माझ्या फाइलींची जागा केली आणि 'पुढे चला'वर दाबलं.

शेवटचं थोडंसं राहिलं असताना लाइट गेली. संध्याकाळी चालू केलं तर काळा पडदा आणि त्यावर एक लुकलुकणारी रेघ, जुनी सिस्टीम नाही आणि नवीही नाही. दुसऱ्या दिवशी मशीन दुकानात नेलं, ते सावरण्यात माझा सगळा दिवस गेला. माझी सगळी भीती, सगळी अक्कल त्या रेघेवर खर्च झाली. ती दुरुस्त झाली आणि पडद्यावर एकाखाली एक दोन्ही सिस्टीमची नावं आली तेव्हा मी दुकानात शेजारच्या चहावाल्याला हात धरून आणलं आणि दाखवलं. त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "दोन दोन? मग तर लय भारी." आणि गेला.

मग दादाला फोन लावला. कळप तेव्हा चुडाव्याजवळ होता, मागे मालगाडीचा आवाज येत होता. मी म्हटलं, दादा, आता एका मशीनमध्ये दोन चालतात. तो म्हणाला, "बरं हाय. घे, तुज्या वैनीला सांग," आणि त्यानं फोन तिला दिला. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माजं हाय ना समदं?"

"समदं हाय, वैनी. दोन ठिकानी ठेवलंय."

"मग काय फिकीर न्हाई," ती म्हणाली. यंदाच्या वाटेवरचे कुठले कुठले तळ लिहायचेत ते ती मला सांगायला लागली होती, तेवढ्यात कुणी तरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

सात महिने मी ते मशीन मन लावून वापरलं. फोटो भरले, अर्ज भरले, लोकांचे लग्नाचे व्हिडिओ भरले. मृग लागता लागता कळप परत आला. बिऱ्हाड उतरवणं, लोकर कातरणं, घर सारवणं यात वहिनीचे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी ती हात धुऊन, पदराला पुसून लॅपटॉपपुढे बसली. मी खुर्ची मागे ओढून जुनी सिस्टीम चालू करून दिली आणि जेवायला बसलो. एकदा मागे बघितलं तर ती काही लिहीत नव्हती, बोटानं पडद्यावर काही मोजत होती.

"भावजी, ती धाकटी खोली कुठं गेली?"

"कोनती?"

"ती शेवटची. लहान."

"ती कंपनीची होती, वैनी. जागा पायजे होती म्हनून काढली. तुमचं डीत हाय, तुमच्या नावाच्या फोल्डरात."

"त्यात माजं काय न्हाई," वहिनी म्हणाली. "त्यात तुमी शिकिवलेलं हाय तेवढं. माजं समदं धाकटीत हुतं."

मी तसाच खरकट्या हातानं उठलो. फोल्डर उघडला. त्यात एक फाइल होती, अ आ इ ई, आणि खाली तीन वेळा तिचं नाव. बाहेरच्या डिस्कवर मी जपून ठेवलेल्या प्रतीतही तेच.

मी तिच्यावर खेकसलो. हे सांगायला जड जातं, पण खेकसलो. म्हटलं, मी डीत ठेवा म्हणून सांगितलं होतं, तिथं कशाला ठेवलं? ती घाबरली नाही, चिडलीही नाही. मला समजावं म्हणून नीट सांगायला लागली. तळावर नवी जन्मलेली कोकरं कळपात ठेवत नाहीत. मोठ्या मेंढरांच्या पायाखाली ती सापडतात. त्यांच्यासाठी बाजूला जाळीचं लहान कुंपण घालतात आणि कळप चरायला गेला तरी ती तिथंच राहतात, जिथं कुणाचा पाय पडत नाही. डीमध्ये माझे सिनेमे, माझे फोटो, गिऱ्हाइकांचं काय काय, सगळी खेटाखेट. तिला ती गर्दी बघून तिचं लिखाण तिथं ठेवायचा धीर झाला नाही. "आन तुमीच म्हनला हुता ना, तिथं कुनी जात न्हाई. तुमी बी जात न्हाई."

जी बाई वीस वर्षं कोकरं सांभाळत होती तिनं बरोबर जागा निवडली होती, आणि ती जागा सांगणाराही मीच होतो. मी दोन्ही हात डोक्याला लावून बसलो तर तीच म्हणाली, "आदी जेवन करा. मग बघू. सापडंल की." दादाला तिनं एवढंच सांगितलं की मशीन बिघडलंय.

डिस्क काढून मी ती दुकानातल्या मशीनला लावली. पुसलेलं शोधणारी सॉफ्टवेअरं असतात, ती सगळी चालवली. मित्राला फोन केला आणि या वेळी खरं सांगितलं. तो म्हणाला, त्या जागेवर तू सात महिने काय काय भरलंयस? मी सांगितलं. तो म्हणाला, बघ प्रयत्न करून. लोकांच्या लग्नाच्या वराती मी तिच्या तळांवरून नेल्या होत्या. तीन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून मी त्या शोधाच्या पट्टीकडे बघत बसलो, आणि शेवटी हाती आली ती नावं. नुसती फाइलींची नावं, एकोणचाळीस. फाइल उघडली की आत काहीच नाही, किंवा चौकोन आणि फुल्या.

एक तेवढी उघडली. तिनं लिहिलेल्यातली ती सगळ्यांत लहान होती. फाइल फारच लहान असली तर तिचा मजकूर नावाच्या नोंदीतच मावतो, म्हणून ती वाचली. त्यात एवढं होतं:

"वड्याकडचं रान. चार दिस बसलो. पानी ग्वाड. मालकाची म्हातारी रोज तांब्याभर ताक घिऊन यायची, म्हनायची लेकीवानी दिसतीस. तिची लेक कुठं दिली ते इचारायचं ऱ्हाऊन गेलं."

मी ते दुकानात बसून वाचलं आणि मला रडू आलं. वहिनी असं लिहीत होती हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ती याद्या करते.

नावांचा कागद छापून घरी नेला. ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. म्हटलं, वैनी, एवढीच मिळाली. वाचू का? तिनं मान हलवली. मी एकेक नाव वाचत गेलो. चुडाव्याचं टेसन. झरीचं कापसाचं रान. चावऱ्या कुत्र्याचा मळा. तीन बाभळी. पोर आजारी पडलं ते रान. प्रत्येक नावाला ती सुपातून नजर न काढता "हं" म्हणायची, हजेरी घेतल्यासारखी. तिशीच्या पुढे गेल्यावर मी थांबलो, कारण पुढचं नाव होतं 'भावजी'.

फाइलीचा आकार नावाशेजारी लिहिलेला असतो. ती सगळ्यांत मोठी होती, तळांच्या फाइलींच्या चौपट. आत चौकोन आणि फुल्या.

"वैनी, ह्यात काय लिवलं होतं?"

तिनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "लय दिस झाले, भावजी. आता याद न्हाई."

मी म्हटलं, परत लिहा, आता मी नीट सांभाळतो, पाच ठिकाणी ठेवतो, तुमच्यासमोर ठेवतो. ती म्हणाली, बघू. पण ती परत मशीनपुढे बसली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कळप विकला, दादा आता गुडघ्यांना तेल चोळत घरी असतो, मुलगी नोकरीला लागली. मी दोन-तीनदा मोबाइल तिच्यापुढे धरून म्हटलं, नुसतं बोला, मी उतरवून घेतो. तिनं दोन-चार तळ सांगितलेही, पण कुणाच्या रानात किती दिवस, एवढंच. ताकाचा तांब्या घेऊन येणारी म्हातारी त्यात नसायची. मी तिला दोष देत नाही. सांगायचं ते तिनं एकदा सांगून ठेवलं होतं.

लॅपटॉप अजून आहे. रोज सकाळी चालू केला की दोन नावं दाखवतो आणि कुठली हवी ते विचारत दहा सेकंद थांबतो. ती पाटी आता मला बघवत नाही, पण काढतही नाही.

गेल्या महिन्यात आमचा कळप ज्यानं घेतला तो माणूस घरी आला होता. एका मेंढीवरून त्याचं आणि दुसऱ्या कुणाचं भांडण झालं होतं. वहिनीनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत विचारलं, डाव्या कानाला खाली खाच आहे का, कपाळावर रुपयाएवढा काळा ठिपका? तो हो म्हणाला. मग ती घडाघडा सांगत गेली. ती मेंढी चुडाव्याच्या तळावर झाली, सकाळी, गाडी जायच्या वेळी. तिची आई लंगडी होती. जुळ्यातली ती धाकटी, थोरली दगावली. तीन दिवस ती बोटानं दूध पीत होती. माणूस तोंड वासून ऐकत होता. सात वर्षांपूर्वीची एक मेंढी, दीडशेतली, आणि तिला सकाळ की संध्याकाळ तेही आठवत होतं.

मी आतल्या खोलीत कुणाचा तरी लॅपटॉप उघडून बसलो होतो. तिचा एकेक शब्द मला ऐकू येत होता.